कापलेली पानं

पुस्तक एकच होतं, आणि त्यावर हात दोन पडले.

एक हात क्लेमांसचा. थंडीनं लाल झालेला, बोटावर शाईचा डाग असलेला. दुसरा एका उंच, सडपातळ माणसाचा, ज्याच्या काखेत चामड्याची अवजारांची पिशवी होती. नदीकाठच्या कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या उघड्या होत्या, वरून बारीक, कंटाळवाणा पाऊस झिरपत होता, आणि पेटीवाला ताडपत्री ओढावी की न ओढावी या विचारात उभा होता.

"सोडा," क्लेमांस म्हणाली. "मी आधी धरलंय."

"तुम्ही कोपरा धरलाय, मादमाझेल. पुस्तक मी धरलंय."

"सभ्य माणूस असता तर सोडलं असतं."

"सभ्य माणूस असतो तर असल्या पावसात घरी असतो…" तो हसला आणि पुस्तक अलगद तिच्या हातातून सोडवून घेतलं. "बघू तरी, एवढं काय आहे त्यात. 'औषधवाल्याची धाकटी.' लेखिका, क्लेमांस आर्दुआं. तुम्ही नाव ऐकलंय कधी?"

"नाही," क्लेमांस आर्दुआं म्हणाली.

त्यानं पहिलं पान उलटलं. त्यावर शाईनं, मोठ्या मेहनतीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आपल्या निर्मळ दृष्टीच्या प्रतीक्षेत, अत्यंत आदरपूर्वक.' खाली सही. वर एका बड्या समीक्षकाचं नाव. त्यानं पुस्तकाची कड अंगठ्यानं चाळून पाहिली आणि मान मागे टाकून हसला. "अरेरे! त्या निर्मळ दृष्टीच्या गृहस्थानं एक पानसुद्धा कापलेलं नाही हो! जसं आलं तसं विकून टाकलं."

क्लेमांसनं त्या कडेकडे पाहिलं. पुस्तक छापखान्यातून येतं तेव्हा त्याची पानं कडेला जोडलेलीच असतात, वाचणारा सुरीनं ती कापत कापत पुढे जातो. त्यामुळे पुस्तक कुणी किती वाचलं, हे लपवता येत नाही. प्रकाशकाच्या तळघरात बसून, बोटं आखडेपर्यंत, तिनं अशा कितीतरी प्रतींवर सह्या केल्या होत्या. एकेका समीक्षकाला एकेक गोड वाक्य. तीन कादंबऱ्या झाल्या, आणि तिन्हींच्या प्रती अशाच कोऱ्या करकरीत या पेट्यांत येऊन पडल्या. दर गुरुवारी ती इथे यायची आणि आपलीच पुस्तकं गुपचूप परत विकत घ्यायची. ओळखीच्या कुणी पाहायला नकोत, एवढ्यासाठी. सकाळी एका वकिलाकडे टंकलेखन करायचं आणि दुपारी स्वतःची अब्रू गोळा करत फिरायचं, असं तिचं साहित्यिक जीवन चाललं होतं.

"फार टुकार आहे ते," ती म्हणाली. "नका घेऊ."

"तुम्ही वाचलंय?"

"म्हणजे… ऐकलंय."

"मग घेतोच. ज्याला कुणी हात लावला नाही, त्याची मला दया येते."

"दया नकोय!"

"कुणाला? पुस्तकाला?" त्यानं भुवया उंचावल्या. तेवढ्यात पावसानं जोर धरला, पेटीवाल्यानं ताडपत्री ओढली, आणि दोघांनाही समोरच्या कॉफीच्या दुकानात पळावं लागलं.

त्याचं नाव गास्पार लूव्हेल. पियानो सुरात लावणं हा त्याचा धंदा. राहायचा नदीच्या वरच्या अंगाला, व्हार्नेल नावाच्या लहान गावात, आईजवळ. गुरुवारी पॅरिसला यायचा तो नाचाच्या शाळांमधले बेसूर पियानो वठणीवर आणायला.

"आणि तुम्ही?"

"मी टोप्यांच्या दुकानात असते," क्लेमांस म्हणाली, आणि इतक्या झटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानं खिशातून लहान चाकू काढला, पुस्तकाची पहिली काही पानं सावकाश कापली आणि चाकू मिटून ठेवला.

"बस? एवढीच?"

"आज एवढंच वाचून होईल. जेवढं वाचायचं तेवढंच कापायचं, माझी सवय आहे. नाहीतर पुस्तक उगाच वाचल्यासारखं दिसतं. ही फसवणूक झाली."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे… लिहिणाऱ्याची," तो म्हणाला, आणि साखरेचा खडा कॉफीत बुडवून मुलासारखा चोखू लागला. क्लेमांस खिडकीबाहेर पाहत राहिली. लिहिणाऱ्याची इतकी काळजी आजवर तिच्या प्रकाशकानंही केली नव्हती.

पुढच्या गुरुवारी तो त्याच दुकानात बसलेला होता. त्याच्या पुढच्याही. आणि ती… ती काही त्याच्यासाठी जात नव्हती, छे! पुस्तकाचं काय झालं, एवढंच पाहायला जात होती. निदान स्वतःशी ती असंच म्हणायची आणि जाताना दोनदा केस विंचरायची.

"तिसऱ्या प्रकरणात बाई खोटं बोलतात," एक दिवस तो म्हणाला.

"काय?"

"बाप गेला तेव्हा ती मुलगी रडली नाही म्हणे. नुसती बाटल्यांवरची नावं वाचत बसली. हे काही मला पटत नाही. रडली असणार."

"नाही रडली!"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"रडली नाही म्हणजे नाही रडली. काही माणसं नाही रडत!" तिचा कप बशीवर आपटला. शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीनं मान वळवून पाहिलं.

गास्पार शांतपणे तिच्याकडे बघत होता. "तुम्ही टोप्या विकत नाही," तो म्हणाला.

"…कशावरून?"

"टोप्यांच्या दुकानातली मुलगी पावसात उघड्या डोक्यानं फिरत नाही. आणि तुमचं वाक्य संपत आलं की आवाज एक पायरी खाली उतरतो. या पुस्तकातही तसंच होतं. पहिल्या आठवड्यातच ओळखलं मी. माझं कामच आहे ते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही खोटं बोलताना फार गोड दिसता. म्हटलं, चालू दे…"

लाजेनं तिचे कान तापले. उठून जावं असं वाटलं, आणि पाय मात्र टेबलाखाली तसेच राहिले. मग ती खाली मान घालून म्हणाली, "रडले होते. मागच्या कोठीत, बाटल्यांच्या खोक्यांवर बसून. कुणाला सांगितलं नाही आजवर."

गास्पारनं हात पुढे केला आणि तिच्या बोटावरच्या शाईच्या डागावर आपला अंगठा ठेवला. एवढंच. पण क्लेमांसला त्या दिवशी आपण घरी कसे पोचलो ते आठवलं नाही.

तो हिवाळा तिच्या आयुष्यातला एकमेव सुखाचा हिवाळा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुलाखाली उभं राहून भाजलेली चेस्टनटं खायची, हात गारठले की एकमेकांच्या कोटाच्या खिशात घालायचे. तो तिला पियानोच्या पोटात डोकं घालून तारा ऐकायला लावायचा. "ऐक, ही तार रुसलीये." "मला तर सगळ्या सारख्याच वाटतात." "म्हणून तू लिहितेस, मी ऐकतो. जोडी जमते की नाही?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. फक्त लिहिणं थांबलं होतं. प्रकाशक देफोर्ज फोनवरून म्हणायचा, "बाई, चौथं पुस्तक आहे की नाही? यावेळी चाललं नाही तर मात्र आपला रामराम." ती हो हो म्हणायची आणि कोऱ्या कागदाकडे बघत बसायची.

वसंतात गास्पार तिला व्हार्नेलला घेऊन गेला. आई बाजाराला गेली होती. दोघं नदीकाठी पॉप्लरच्या झाडांखाली बसले, आणि तिथे, पाण्याकडे बघत बघत, त्यानं तिला ते सांगितलं.

लढाईच्या वर्षांत त्याची विधवा आई लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून घर चालवायची. गावात जर्मन अधिकारी आले. त्यांचेही शर्ट तिच्याकडे येऊ लागले. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि घरात खायला नव्हतं. शर्ट धुणारी बाई आणखी काय काय करत असेल, ते गावानं आपापल्या मनानं ठरवून टाकलं. जर्मन पळाले त्या आठवड्यात तिला चौकात खुर्चीवर बसवून, सगळ्यांसमोर तिचे केस भादरले.

"मी तिथे होतो," गास्पार म्हणाला. "मागे, पाववाल्याच्या छपराखाली. सतरा वर्षांचा घोडा. शेजारच्यानं कोपर मारलं, म्हणाला, 'काय रे, तुझीच आई ना ती?' सगळे हसत होते… आणि मी हसलो, क्लेमांस. मोठ्यानं हसलो. भीतीनं. मग पळालो, आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की मामाकडे होतो. तिनं डोक्याला रुमाल बांधला होता. म्हणाली, 'बरं झालं तू नव्हतास.'"

तो रडला नाही. क्लेमांसनंच त्याचं डोकं छातीशी धरलं आणि ती रडली.

"तिला कधी कळता कामा नये," तो म्हणाला. "बाकी सगळं मी सोसू शकतो. ती मला आत घेते, ताट वाढते, ते केवळ तिला माहीत नाही म्हणून. कळलं तर मी त्या घरात पाऊल टाकू शकणार नाही."

"माझ्याकडून कधीच नाही कळणार," क्लेमांस म्हणाली, आणि म्हणताना ते तिला अगदी खरं वाटत होतं.

लेखक मंडळींवर दया करावी की त्यांना घराबाहेर काढावं, हे ठरवणं अवघड आहे. क्लेमांसनं खरोखरच ठरवलं होतं की हे लिहायचं नाही. आठवडाभर ती टेबलाजवळ फिरकली नाही. मग एका सकाळी तिनं नुसतं पहिलं वाक्य लिहून पाहिलं… मनातून काढून टाकायला म्हणून. वाक्य चांगलं उतरलं. इतकं चांगलं वाक्य तिनं आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्याच्यामागून दुसरं आलं. तिनं गावाचं नाव बदललं, पियानोवाल्याचा घड्याळवाला केला, आईला दोन मुली जोडल्या. पण हसणं बदलता येईना. ते हसणं काढलं की सगळं पुस्तक मरत होतं. वर्षभर ती लिहीत होती, आणि वर्षभर दर गुरुवारी गास्पारला सांगत होती, "एका घड्याळवाल्याची गोष्ट आहे. तुला आवडेल." तो तिचं कपाळ चुंबायचा. "शरदात लग्न करू," तो म्हणायचा. "तुझं पुस्तक आणि आपलं लग्न, एकदमच उडवून देऊ बार."

पुढच्या वर्षी जूनमध्ये पहिल्या प्रती छापून आल्या. देफोर्ज आनंदानं वेडा झाला होता. "यंदाचं बक्षीस आपलं! समीक्षकांना प्रती कधी पाठवू?"

"मी सांगेपर्यंत एकही नको," क्लेमांस म्हणाली. तेवढी शुद्ध तिला होती. एक प्रत घेऊन ती स्टेशनवर गेली. गास्पार घरी जायच्या गाडीत चढत होता; घरून त्याच दिवशी तो समुद्रकाठच्या हॉटेलांमधले पियानो लावायला महिनाभराच्या फेरीवर निघणार होता.

"हे वाच," ती म्हणाली. पुस्तक तिनं त्याच्या हातात कोंबलं. "बाजारात जायच्या आधी तू वाच. तू नको म्हणालास तर नाही जाणार. शपथ."

"मी कोण नको म्हणणारा?"

"गास्पार, थट्टा नको. वाच… आणि मग मला सांग."

"वाचतो गं राणी. एक एक पान कापून वाचतो." शिटी झाली, तो धावला, आणि धावत्या गाडीच्या दारातून पुस्तक हलवत राहिला. तिथेच, फलाटावर, तिनं तोंडानं सांगून टाकायला हवं होतं. पण तोंडानं सांगायचं धैर्य असतं तर ती कादंबऱ्या कशाला लिहीत बसली असती?

महिनाभर तिचा जीव टांगणीला लागला होता. त्याची रंगीत कार्डं येत होती. समुद्र, नावा, 'तुझी आठवण येते.' पुस्तकाबद्दल अक्षर नाही. मग तो परतला आणि त्यानं तिला रविवारी व्हार्नेलला जेवायला बोलावलं.

स्वयंपाकघरात सशाचा रस्सा शिजत होता. गास्पारची आई, मादाम लूव्हेल, बुटकी, ताठ पाठीची बाई. केस केव्हाच पुन्हा वाढले होते, तरी डोक्याचा रुमाल ती कधी सोडत नसे. तिनं क्लेमांसच्या दोन्ही गालांवर गाल टेकवले. "या. वाळलात हो."

"गास्पार कुठंय?"

"तळघरात. वाइन आणायला."

आणि तेव्हा क्लेमांसला ते दिसलं. बशांच्या कपाटावर तिचं पुस्तक पडलं होतं. पानं कापलेली. पहिल्यापासून शेवटापर्यंत, सगळीच्या सगळी. तिनं जवळ जाऊन बोट फिरवून पाहिलं. कड खरबरीत होती, कागदाचे तंतू निघालेले. एकही पान जोडलेलं राहिलं नव्हतं.

त्यानं वाचलं होतं. जेवढं वाचायचं तेवढंच कापणारा माणूस तो… त्यानं सगळं वाचलं होतं, तरी तिला जेवायला बोलावलं होतं! गास्पार बाटली घेऊन वर आला, उन्हानं रापलेला, आणि आईदेखत त्यानं तिला उचलून गोल फिरवलं.

"गास्पार… मग…" तिनं कपाटाकडे नजर वळवली. "मग जाऊ देऊ ना ते? बाजारात?"

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर ओशाळी छटा आली. ती तिला दिसली, आणि तिनं आपल्याला हवा तो अर्थ लावला.

"अगं जाऊ दे की! त्यात काय विचारायचं?" तो म्हणाला आणि घाईघाईनं बाटलीचं बूच काढू लागला.

जेवताना ती खूप हसली, खूप बोलली. मादाम लूव्हेल फारसं बोलली नाही. तिनं क्लेमांसच्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा वाढला आणि एकदाच विचारलं, "पुस्तकात माणसं घालता, ती कुठून आणता हो?"

"अशीच… इथून तिथून, मादाम."

"हं," ती म्हणाली. "जेवा. निवतंय."

दुसऱ्याच दिवशी क्लेमांसनं देफोर्जला फोन केला. "पाठवा," ती म्हणाली.

शरदात तिला बक्षीस मिळालं. कालपर्यंत जिची पुस्तकं पेट्यांत भिजत होती, तिच्या दारात फोटोवाले उभे राहिले. पुस्तकावर बक्षिसाची लाल कागदी पट्टी चढली, दुकानांच्या काचांत त्याचे ढीग लागले. ज्या समीक्षकानं तिचं एक पान कापलं नव्हतं, त्यानं वर्तमानपत्रात लांबलचक लेख लिहिला. गोष्ट काय आहे, ती आई कोण, चौकात काय घडतं, मुलगा कसा हसतो, सगळं त्यात होतं.

लेख आला त्या दिवशी दुपारी गास्पार तिच्या खोलीवर आला. हातात ते वर्तमानपत्र होतं. चेहरा पांढराफटक.

"हे काय आहे?"

"गास्पार?"

"हे काय आहे, क्लेमांस!"

"तू वाचलं होतंस ना," ती म्हणाली. तिला खरोखरच काही समजेना. "तूच म्हणालास, जाऊ दे…"

"मी एक पानही वाचलं नव्हतं! त्याच दिवशी फेरीवर निघालो, पुस्तक घरी टाकून गेलो. परत आल्यावर तुला सांगायची लाज वाटली. म्हटलं, लग्नानंतर वाचू, तिच्या शेजारी बसून. मला काय ठाऊक, तू मलाच… मला…"

"पण पानं कापलेली होती! सगळी! मी हात लावून पाहिलं!"

"मी नाही कापली."

"मग कुणी…"

ती थांबली. तोही थांबला. त्या घरात दोनच माणसं राहत होती.

गास्पार भिंतीला टेकला. वर्तमानपत्र त्याच्या हातातून गळून पडलं. "म्हणजे उन्हाळाभर…" तो कुजबुजला. "उन्हाळाभर ती मला वाढत होती. शर्टाला इस्त्री करत होती. आणि तिला माहीत होतं…"

"गास्पार, मी सगळी पुस्तकं परत मागवते. बक्षीस परत करते. उद्याच्या उद्या…"

"खरंच करशील?"

त्यानं अगदी साधं विचारलं. ती 'हो' म्हणाली. पण 'हो' म्हणायला तिला थोडा वेळ लागला, आणि या माणसाचे कान कसे होते ते तिला चांगलं माहीत होतं.

"आवाज उतरला तुझा," तो म्हणाला. रागानं नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. जाता जाता त्यानं तिचा हात हातात घेतला, शाईच्या डागावर अंगठा ठेवला आणि लगेच काढून घेतला. "तुझ्यावर मी फार प्रेम केलं, क्लेमांस. माझ्याजवळ होतं ते सगळं तुला सांगून टाकलं. आता माझ्याजवळ काहीच नाही बघ."

जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. तिनं हाका मारल्या. त्यानं वळून पाहिलं नाही.

ती व्हार्नेलला गेली तेव्हा पॉप्लरची पानं गळून संपली होती. आठवडाभर ती वाट पाहत होती, मग राहवेना. मादाम लूव्हेलनं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. स्वयंपाकघरात टेबलावर बटाटे होते. ती पुन्हा बसून सोलू लागली.

"गास्पार…?"

"नाही. हाव्र बंदरातून निरोप आला. मोठ्या जहाजावर पियानोची देखभाल करायचं काम धरलंय. दक्षिण अमेरिकेला जातं म्हणे जहाज. पत्ता नाही दिला."

"घरी आला नाही?"

"आला होता. फाटकापर्यंत. मी खिडकीतून बघत होते. कडीवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. हाक मारली असती तर आला असता आत, कदाचित… मला वाटलं, स्वतःहून येऊ दे. गेला." तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

क्लेमांस तिच्यासमोर खुर्चीवर कोसळली. "मादाम, मी त्याला वचन दिलं होतं. तुम्हाला कधी कळणार नाही असं… आणि मीच तुम्हाला…"

"काय कळलं मला तुमच्याकडून?" मादाम लूव्हेलनं सुरी खाली ठेवली. "बसा नीट. रडू नका, ऐका. त्या दिवशी खुर्चीवर मी डोळे मिटून बसले होते. केसांची कात्री डोळ्यांजवळून फिरत होती. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. माणसं हसत होती. आणि मागून, पाववाल्याच्या बाजूनं, माझा पोरगा हसला. नऊ महिने पोटात वाढवलेलं पोर. त्याचं हसणं मला कळणार नाही होय?"

क्लेमांसनं टेबलाची कड घट्ट धरली.

"भीतीनं हसला हेही कळलं. ते तुम्ही बरोबर लिहिलंय. संध्याकाळी आला, मामाकडे होतो म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं तू नव्हतास. त्याला वाटलं मला माहीत नाही. मी म्हटलं, वाटू दे. तेवढ्यावर तो घरात राहिला. एवढी वर्षं राहिला, माझ्यासमोर जेवला."

"मग पुस्तक…"

"सून म्हणून येणार होतात, काय लिहिता ते बघावं म्हणून कापलं. वाचलं. मला वाटलं, त्यानंच तुम्हाला लिहायला सांगितलं असेल. तोंडानं सांगवत नाही म्हणून. म्हटलं, आता येईल, बसेल जवळ, बोलेल. उन्हाळाभर वाट बघितली. रोज ताट वाढताना वाटायचं, आज बोलेल." ती थांबली. "त्याला ठाऊकच नव्हतं. आणि आता त्याला एवढंच ठाऊक आहे की आईला कळलं."

बाहेर नदीवरून मालाची नाव भोंगा वाजवत गेली. क्लेमांसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मग तिनं विचारलं, "परत येईल ना तो?"

"तुम्ही लेखिका आहात. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत असायला हवं."

"मादाम, माझं त्याच्यावर प्रेम आहे." ती स्फुंदत होती. "देवाशपथ, फार प्रेम आहे. तुमचा विश्वास बसणार नाही, पण आहे…"

"बसतो की विश्वास," मादाम लूव्हेल म्हणाली आणि पुढचा बटाटा हातात घेतला. "माझंही आहे. म्हणून तर मी गप्प राहिले होते."